ग्राहक समाधानी

रविंद्र — सात ब्रेकर झाले, काका. पाच हळू घेतले, दोन जोरात घेतले. आवाज नाही.

प्रेमानंद — तूबी तेच म्हणून राहिला.

रविंद्र — जो है वो बोल रहा हूं. तुम्हीबी तर मागच्या सीटवर होते. तुम्हाले आला का?

प्रेमानंद — मले कायले विचारतं? मेकॅनिक तू आहेस का मी?

रोशनी — बाबा, ते नीट विचारताहेत.

प्रेमानंद — ते सेंटरवालेबी नीटच विचारत होते. एसीत बसवलं, पाणी देलं, सर सर केलं. अन् मंग लिहून काय देलं? काढ वं तो कागद, समोरच्या खणात आहे. वाचून दाखव याले.

रोशनी — भाऊ, हे घ्या. ‘समोरून डावीकडे आवाज येतो अशी तक्रार. गाडी चालवून पाहिली. आवाज आढळला नाही. ग्राहक समाधानी.’

प्रेमानंद — समाधानी म्हणे. तीन वेळा गेलो मी तिथं. पहिल्या वेळी लिंक रॉड बदलले. दुसऱ्या वेळी शॉकर बदलले, दोन्हीकडचे. अन् तिसऱ्या वेळी तो गौरांग, टायवाला, तो म्हणते आवाज नाहीच. मंग पहिल्या दोन वेळी तुम्ही बदललं काय, भैताडहो? नसलेला आवाज?

रविंद्र — चिडू नका, काका. मीबी अशाच एका सेंटरात अकरा वर्षं काढली. तिथं गाडी पाहत नाहीत, घड्याळ पाहतात.

प्रेमानंद — तू पाय मंग गाडी.

रोशनी — भाऊ, मी खरं सांगू का? गाडी विकायची आहे. रविवारी सावनेरहून एकजण येणार आहे. त्याने आधी एकदा चालवून पाहिली, त्याला आवडली. तो हो म्हणाला आणि बाबा म्हणाले, थांब, गाडीत खोट आहे.

रविंद्र — गिऱ्हाइकाले सांगितलं?

रोशनी — तोंडावर. तो म्हणतो, काका, मला तर काही ऐकू आलं नाही. तर बाबा त्याच्यावरच ओरडले. तो बिचारा गाडी घ्यायला आला होता.

प्रेमानंद — खोटं बोलून विकू का? अन् मी ओरडलो नाही. मी सांगतलं.

रोशनी — शेजारच्या यमुताई गॅलरीत आल्या होत्या, तुम्ही काय सांगताय ते ऐकायला.

रविंद्र — बरं. आवाज कसा येते ते सांगा. कर्रर्र, का चूं चूं, का ठक?

प्रेमानंद — डब्यात एकच चिचोका असला अन् डबा वाकडा केला, तसा. एकदा येते. मंग चूप.

रविंद्र — एकदाच.

प्रेमानंद — हाव. ब्रेकरवरून हळू उतरताना. अन् डावीकडं वळत असलं तर हमखास. उजवीकडं नाही. खड्ड्यात दणकन गेली तर नाही.

रविंद्र — एवढं बारीक कोणी सांगत नाही, काका. लोक येतात अन् म्हणतात, समोरून कायतरी वाजते, पाहून घे.

प्रेमानंद — चौतीस वर्षं खाणीत पंपावर होतो मी. पाणी उपसायचे पंप. नुसतं ऐकून सांगत होतो, हा पंप दोन दिवसांत बसणार. इंजिनियर येऊन मले विचारत होते, प्रेमानंद, तीन नंबर काय म्हणते?

रविंद्र — म्हणजे कान पक्का आहे.

रोशनी — फार पक्का. आमच्या घरच्या बातम्या अख्खी गल्ली ऐकते.

प्रेमानंद — तू चूप राय वं.

रविंद्र — गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतो गाडी. खालून पाहतो एकदा. ताई, तुम्ही बसा तिकडं, पंख्याखाली… हां. लिंक रॉड नवीन. शॉकर नवीन. हा लोअर आर्म, चाक धरते तो खालचा दांडा, हाबी जुना नाही वाटत.

प्रेमानंद — तो दोन वर्षांपूर्वी बदलला. काटोल रोडवर खड्ड्यात गेली होती, वाकला होता. त्यांनीच बदलला. त्याच्यानंतर महिन्याभरानं आवाज सुरू झाला.

रविंद्र — हलवून पाहिलं. काही ढिलं नाही. चाक लटकलेलं असताना नाही, टेकलेलं असताना नाही. काका, यात वाजायले काही राहिलंच नाही.

प्रेमानंद — म्हणजे नाहीच आवाज.

रविंद्र — मी तसं नाही म्हटलं.

प्रेमानंद — तसंच म्हटलं. कागद आण, तूबी लिहून दे. ग्राहक समाधानी. पुऱ्या नागपुरात एक माणूस नाही जो खाली वाकून पाहील. टाय नाही म्हणून इकडं आलो, तर इथंबी तेच.

रोशनी — बाबा, पुरे. ते मघापासून खड्ड्यात उतरून तेच करताहेत.

रविंद्र — असू द्या, ताई. काका, एक सांगा. शेवटचा कधी ऐकला?

प्रेमानंद — काय?

रविंद्र — आवाज. काल, परवा, मागच्या हप्त्यात?

प्रेमानंद — फेब्रुवारीत.

रविंद्र — आता तर दिवाळी आली, काका. फेब्रुवारीनंतर गाडी उभीच होती का?

रोशनी — उभी कुठे? रोज चालवतात. आई मार्चमध्ये गेली, तेव्हापासून तर घरात कमी आणि गाडीत जास्त असतात. काही काम नसतं. नुसते फिरून येतात.

रविंद्र — मग एवढ्या महिन्यांत एकदाबी आला नाही?

प्रेमानंद — तू तुह्यं काम कर.

रोशनी — बाबा, एक मिनिट. डब्यात चिचोका. हे आई म्हणायची.

प्रेमानंद — हाव.

रोशनी — डावीकडे वळताना, हळू उतरताना. हेही तिचंच.

प्रेमानंद — हाव ना.

रोशनी — मग तुम्हाला कसा ऐकू येतो ते सांगा ना. तिचं नको.

प्रेमानंद — माह्यं काही नाही.

रोशनी — म्हणजे?

प्रेमानंद — म्हणजे मी नाही ऐकला. कधीच नाही ऐकला.

रोशनी — तीन महिने तुम्ही मला, त्या गिऱ्हाइकाला, आता या भाऊंना धारेवर धरलंय. आणि आवाज तुम्ही ऐकलाच नाही?

प्रेमानंद — मले डाव्या कानानं येत नाही.

रोशनी — कधीपासून?

प्रेमानंद — रिटायर व्हायच्या आधीपासून. पंपहाउसात डाव्या हाताले मोठा पंप होता. डाक्टर म्हणे, हा कान गेला. उजव्याचं सांभाळा.

रोशनी — आईला माहीत होतं?

प्रेमानंद — नाही. कोणालेच नाही सांगतलं. पंपवाल्याचा कान गेला असं कोण सांगते, रोशनी?

रोशनी — थांबा. म्हणजे ती तुमच्या डाव्या बाजूला बसून सांगायची, आवाज येतो. आणि तुम्हाला माहीत होतं की त्या बाजूचं तुम्हाला काहीच ऐकू येत नाही. तरी तुम्ही त्या गौरांगपुढे काय म्हणालात? मी होते तिथे.

प्रेमानंद — माहीत आहे मले, काय म्हटलं ते.

रोशनी — तिला वहम आहे, म्हणालात. तो रेडिओ लावून जोरात गाडी चालवत होता, तुम्ही पुढे त्याच्याशेजारी, आणि आईला मागे बसवलं. जिची तक्रार तिला मागे. परत आल्यावर तो हसला आणि तुम्हीही हसलात. चौतीस वर्षं पंपावर होतो, असलं काही असतं तर मला कळलं असतं, असं म्हणालात. आणि सही केली.

प्रेमानंद — केली.

रोशनी — या कागदावर खाली सही तुमची आहे, बाबा. गौरांगची नाही.

रविंद्र — ताई, पाणी आणू का?

रोशनी — नको मला पाणी.

प्रेमानंद — घरी येईपर्यंत बोलली नाही ती. त्याच्यानंतर कधीच आवाजाचं नाव नाही काढलं. फक्त ब्रेकर आला की मांडीवर बोट ठेवे. असं. एकदा टक. मंग पुढच्या ब्रेकरले अजून एकदा. वर्षभर. मी एक दिवस खेकसलो, हात थांबव म्हटलं. तर तिनं हात पर्सखाली घातला. पर्सखाली बोट चालूच होतं. मले दिसे ना.

रोशनी — हे मला कधी सांगितलं नाही तुम्ही.

प्रेमानंद — आता गाडी विकतो म्हणता तुम्ही लोक. सावनेरवाला घेऊन जाईन. मंग कोणाले विचारू? आवाज होता का नव्हता, हे मले पाहिजे. होता असंन तर मी नालायक आहे. तेवढं तरी पक्कं कळू द्या ना.

रविंद्र — काका, काकू कुठं बसत होत्या?

प्रेमानंद — सांगतलं ना, बाजूले. समोर डावीकडं.

रविंद्र — अन् आता मी चालवली तेव्हा त्या सीटवर कोण होतं?

प्रेमानंद — कोणी नाही. मी मागं होतो.

रविंद्र — सावनेरवाल्यानं चालवली तेव्हा?

रोशनी — बाबा मागेच होते. त्या सीटवर ते बसत नाहीत. कोणाला बसूही देत नाहीत. मीसुद्धा मार्चपासून मागेच बसते.

रविंद्र — अन् रोज काका एकटेच. मग कसा येईन आवाज? डावीकडं वजनच नाही. वजन असन तर चाक जास्त वर चढते, तवा कुठं एक पार्ट दुसऱ्याले लागते. हे मले आधी विचारायले पाहिजे होतं, चूक माही. ताई, बसा समोर.

रोशनी — बाबा?

प्रेमानंद — बस.

रोशनी — तुम्हाला चालेल ना?

प्रेमानंद — बस म्हटलं ना. सीट मागंपुढं करू नको फक्त.

रविंद्र — चला. काका, मागं बसा, डाव्या बाजूनं, चांगला कान आत ठेवून. रेडिओ बंद. पंखा बंद. मी हळूच घेतो. हा शाळेसमोरचा.

रोशनी — नाही आला.

रविंद्र — सरळ आहे ना हा. पुढं कॉलनीत वळताना एक आहे, नगरसेवकानं दोन दोनदा बांधला, उंटासारखा. तिथं पाहू. काच वर घ्या. आता कोणी बोलू नका.

रोशनी — हा!

रविंद्र — आला.

प्रेमानंद — आला का?

रोशनी — आला, बाबा. चिचोकाच. तंतोतंत. एकदा आला आणि गप्प.

प्रेमानंद — मले नाही आला.

रोशनी — पायाखालूनच आला माझ्या. हे किती स्पष्ट आहे. हे तिला रोज ऐकू येत होतं आणि सगळे तिला वेडी ठरवत होते? मी आत्ताच्या आत्ता जाणार त्या गौरांगकडे.

रविंद्र — अजून एकदा घेतो, ताई. डोकं थंड ठेवून ऐका.

रोशनी — आला. परत आला.

प्रेमानंद — मागं बसून मले काहीच नाही येत. चला वापस. मले खाली दाखव.

(गाडी परत गॅरेजात, खड्ड्यावर. चाकं जमिनीवर टेकलेली. रोशनी डाव्या सीटवरच बसलेली.)

रविंद्र — काका, उतरा सांभाळून, तेल आहे. हे पाहा. हा आर्म. याच्या टोकाले हा बुश. रबराचा गोल अन् मधात लोखंडाची नळी. वरून तर चांगला दिसते. बॅटरी मारा इकडून. दिसली चीर?

प्रेमानंद — अर्धा फाटला आहे.

रविंद्र — वजन आलं की चीर उघडते अन् नळी पत्र्याले ठोकते. वजन गेलं की मिटून बसते, जसं काही झालंच नाही.

प्रेमानंद — दोन वर्षांचा बुश कसा फाटला? माह्या दहा वर्षांच्या जुन्याले काही झालं नव्हतं.

रविंद्र — आता सांगितलं तर तुम्ही अजून भडकान.

प्रेमानंद — सांग.

रविंद्र — हा बोल्ट गाडी लिफ्टवर असताना आवळलेला आहे. चाक खाली लटकून होतं, तसाच. तेव्हा रबर त्या जागी पकडून बसलं. मग गाडी जमिनीवर उतरली, चाक वर आलं, अन् रबर पिळलं गेलं. तेव्हापासून ते पिळलेलंच आहे. ओला टॉवेल पिळून तसाच धरून ठेवला, रात्रंदिवस, तर फाटन नाही तर काय? नियम काय आहे, बोल्ट नुसता घालायचा, गाडी खाली उतरवायची, चाकावर वजन येऊ द्यायचं, अन् मग आवळायचा.

प्रेमानंद — त्यांले माहीत नाही हे?

रविंद्र — सगळ्यांले माहीत आहे. पण खाली उतरवून खड्ड्यात शिरायले वीस मिनिटं जास्त लागते. वर हात पोचते, मशीन आहे, टर्र केलं की झालं. मीच कितीक आवळले असतीन तसे. कोणाची बायको आली नाही सांगायले.

प्रेमानंद — वीस मिनिटांसाठी.

रविंद्र — हाव.

प्रेमानंद — वीस मिनिटं वाचवली त्याहीनं, अन् ती पुरं वर्ष मांडीवर बोट ठोकत बसली. अन् वरून तिलेच वहम.

रविंद्र — काका, हात लावून पाहाचं का? मी वरून बोनट दाबतो. ताई आतमध्ये आहेतच. तुम्ही इथं, नळीजवळ, पण बोल्टच्या बाहेर. बोट आत नको.

प्रेमानंद — बेअरिंग मी हातानंच ओळखत होतो. मोठा पंप चालू असला तर कानाचा काही उपयोग नव्हता. हात ठेवायचा, बस.

रविंद्र — ठेवला? दाबतो.

प्रेमानंद — दाब.

रविंद्र — लागलं का हाताले?

प्रेमानंद — लागलं.

रविंद्र — आता बदलतो. बुश आहे माह्याकडं.

प्रेमानंद — थांब. अजून एकदा दाब.

रविंद्र — घ्या.

प्रेमानंद — अजून एकदा.

रोशनी — बाबा, काय करताय खाली?

प्रेमानंद — काही नाही. ऐकून राहिलो. अन् एवढंच होतं, रोशनी. एक डाव खाली वाकून हात ठेवायचा होता. चौतीस वर्षं तेच काम केलं, अन् घरच्या गाडीले एक डाव हात नाही लावला.

रोशनी — वर या. त्यांना काम करू द्या.

रविंद्र — तासभर लागन. आर्म काढून बुश दाबून बसवावा लागते. मग खाली उतरवून आवळीन, तुमच्यासमोर. ताई, तेव्हा तुम्हाले परत सीटवर बसावं लागन. काकू अंगानं कशा होत्या?

रोशनी — माझ्यापेक्षा चार-पाच किलो जास्त. आणि मांडीवर ती पर्स. त्यात पाण्याची बाटली, औषधं, छत्री, बारा महिने छत्री.

रविंद्र — मग माही पान्यांची पेटी घ्या मांडीवर. बरोबर होईन.

प्रेमानंद — हसता काय? घे पेटी. बरोबर म्हणून राहिला तो.

रोशनी — बाबा, रविवारचं काय? त्या माणसाला नको म्हणू का?

प्रेमानंद — काहून? येऊ दे. आता काय अडलं? फक्त त्याच्या बायकोले घेऊन ये म्हणा. तिले समोर बसव, अन् मंग विचार गाडी कशी आहे.

रोशनी — आणि सेंटरला?

प्रेमानंद — सेंटरले उद्या जातो मी. फाटलेला बुश त्या गौरांगच्या टेबलावर ठेवतो. त्याले म्हणतो, तू लिहिलं ते खोटं होतं, अन् मी सही केली तेबी खोटं होतं. दोन्ही खोडायचं. अन् तिथं लिही, आवाज होता.

रविंद्र — ते चहा पाजतीन, काका, अन् सॉरी म्हणतीन.

प्रेमानंद — चहा मी घरून पिऊन जाईन.

(तासाभराने. गाडी परत जमिनीवर. रोशनी डाव्या सीटवर, मांडीवर पान्यांची पेटी.)

रविंद्र — झालं, ताई. हलू नका, शेवटचा पाना आहे. पेटी धरून ठेवा. हां. उतरू नका आता, तशाच घरी जा. काका, चालवा तुम्ही. तोच ब्रेकर घ्या, उंटवाला. डावीकडं वळून, हळू.

प्रेमानंद — पेटी देऊन टाक त्याची.

रोशनी — दिली. बेल्ट लावा… हळू घ्या, बाबा. आला तो ब्रेकर. आता वळा. हळू.

प्रेमानंद — …काय?

रोशनी — नाही आला.

प्रेमानंद — नीट ऐकलं?

रोशनी — नीट ऐकलं. अजिबात नाही. तुम्हाला?

प्रेमानंद — मले तर पहिलेबी येत नव्हता. तू नाही म्हणते, तर नसंन.